पहिल्या रांगेतली खुर्ची

इंडी रॉकचे नवे अल्बम आणि शो यांवर मी टोपणनावाने लिहितो, आणि हातचं राखून लिहीत नाही. एका बँडबद्दल लिहिलं होतं, "गायक गातोय की दाढ उपटून घेतोय, कळत नाही. यांना ऐकणं म्हणजे जन्मठेप!"

पुढे लेकीने लग्न केलं ते नेमकं त्याच गायकाशी. तेव्हापासून प्रत्येक शोला माझी खुर्ची पहिल्या रांगेत, स्पीकरला खेटून. शेजारी लेक, त्यामुळे मान डोलावण्यावाचून गत्यंतर नाही. टोपणनावाबद्दल घरात मी अवाक्षर काढलेलं नाही.

काल जावयाने हसत नवा अल्बम हातात ठेवला. "बाबा, नाव तुम्हीच सुचवलेलं आहे."


कव्हरवर माझ्या त्याच खुर्चीचा फोटो होता, आणि वर ठळक अक्षरांत 'जन्मठेप'.