भाऊसाहेबांच्या जीपला कॉम्प्रेसर

"इथं नको साहेब, इंजिनाच्या गरमीनं जळून जाईन हे." रूपसिंगनं हवा भरायचा कॉम्प्रेसर बोनेटखालून उचलला आणि जीपच्या मागच्या सीटखाली ठेवून पाहिला. तिथं तो नीट बसला.

"कुठंही बसवा मिस्त्री, पण उजेड आहे तोवर झालं पाहिजे," मंदार म्हणाला. मंदार हा भाऊसाहेबांचा खास माणूस. भाऊसाहेब तालुक्याचे पुढारी. त्यांचा फोन, त्यांची भाषणं, वेळ पडली तर त्यांचे अश्रूसुद्धा मंदारच सांभाळायचा. नेरच्या या गॅरेजात तो पहिल्यांदाच आला होता आणि खुर्ची रुमालानं पुसून मगच बसला होता.

घाई रूपसिंगलाही होती. धाकटा भाऊ श्रावण यवतमाळला दवाखान्यात होता. कपाशीवर फवारताना औषध अंगात भिनलं आणि तो शेताच्या धुऱ्यावरच कोसळला. त्या पावसाळ्यात गावोगावचे फवारणारे असेच आडवे होत होते. पण सकाळी श्रावणच्या बायकोचा, लालीबाईचा, फोन आला होता. "दादा, त्यायनं डोये उघडले! भाकर मागून राह्यले, तुमचं नाव घेऊन राह्यले. लवकर या."

रूपसिंगच्या छातीवरची धोंड उतरली. काम उरकायचं, जमलं तर याच जीपमधून यवतमाळ गाठायचं आणि भावाला आपल्या हातानं भाकर चारायची, एवढंच आता त्याच्या डोक्यात होतं.

"साहेब, जाताना मलेही यवतमाळले घेऊन चाला. काम हाये तिथं."

"चला की. गाडी तिकडंच जातेय."

काय काम, ते रूपसिंगनं सांगितलं नाही. सांगणारही नव्हता. मागे त्याच्याच बंजारा तांड्यातला शंकरसिंग फवारणीनं दवाखान्यात पडला, तेव्हा पुढारी केळी वाटत वॉर्डात शिरले होते. नाकातोंडात नळ्या असलेल्या शंकरसिंगच्या मुठीत एकानं केळं धरवलं आणि फोटो काढला. त्याला थुंकी गिळता येत नव्हती. पुढं तो गेलाच. ते केळं आठवलं की रूपसिंगला अजून मळमळायचं. श्रावणच्या खाटेभोवती ही माणसं नकोत, असं त्यानं पक्कं ठरवलं होतं.

त्यानं बॅटरीपासून जाड वायर ओढली, बॅटरीजवळच फ्यूज घातला, रिले बसवला. मग विचारलं, "गाडीत हवेचं यंत्र काहून लागते साहेब?"

"गेल्या वेळी नाल्यापलीकडच्या तांड्यावर निघालो, तर गाडी गाऱ्यात रुतली. विरोधक ट्रॅक्टरवर बसून आमच्या आधी पोचले. पेपरात फोटो त्यांचा, आणि बाई त्यांच्याच खांद्यावर रडतेय. भाऊसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत." मंदारनं खेदानं मान हलवली. "मग कोणीतरी सुचवलं, गाऱ्यात टायरची हवा कमी करायची आणि डांबरीवर आलं की परत भरायची. गाडी रुतत नाही म्हणे."

रूपसिंगला शिसारी आली. रडणारी बाई दुसऱ्याच्या खांद्यावर गेली म्हणून याचं जेवण गेलं! तो बाहेर जाऊन तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून आला.

जीपच्या चॅसीवरचा रंग खरवडून तो अर्थिंगची वायर आवळू लागला. सैलच ठेवावी, ऐन गाऱ्यात बंद पडू दे, बसू दे भाऊसाहेबाले चिखलात, असं एकदा मनात आलं. पण इथंच बंद पडलं तर पुन्हा खोलावं लागेल आणि यवतमाळ राहून जाईल. त्यानं पान्हा दाबून नट आवळला.

मंदारचा फोन वाजला. तो दारापर्यंत गेला. "बरं... हं... तिथून हलू नकोस. आधी मला कळव." परत येऊन त्यानं विचारलं, "मिस्त्री, उद्या जायचंय त्या नाल्यापलीकडच्या तांड्यावर. खुर्च्या मांडायला जागा आहे का हो?"

"हाये. नायकाच्या घरापुढं, निंबाखाली."

"आणि गाडी वळते कुठं?"

"मंदिरापाशी. नाल्यातून नका घालू, वरच्या बाजूनं घ्या."

तांडा आपलाच, हे त्यानं सांगितलं नाही. शंकरसिंगची बायको आता कुठं चुलीपाशी बसायला लागली होती. उद्या हे पुन्हा तिच्या दारात खुर्च्या मांडणार, पुन्हा तिला रडवणार. रूपसिंगला मंदारच्या तोंडाकडं बघवेना. वाटेत याच्याच शेजारी बसायचं होतं. पण श्रावण वाट बघत होता.

त्यानं स्विच दाबला. कॉम्प्रेसर घुरघुरला, टाकी भरली आणि आपोआप बंद झाला. एका टायरची हवा सोडून त्यानं ती परत भरून दाखवली. मंदारनं टाळी वाजवली.

"शाब्बास! आता उद्या आमच्या आधी कोण पोचतो, बघतोच."

रूपसिंगला राहवलं नाही. "साहेब, शंकरसिंगची तेरवीबी झाली. त्या बाईले आता पुन्हा कायले रडवता?"

"शंकरसिंग?" मंदार हसला. "ते जुनं झालं हो. हा दुसरा, श्रावण नावाचा. आमचा माणूस बसवलाय दवाखान्यात. सकाळी डोळे उघडले, भाकरीबिकरी मागितली म्हणे, पण डॉक्टरांनी आशा सोडलीय. बायकोला अजून सांगितलेलं नाही. रात्र काही निघत नाही, म्हणतात. उद्या बॉडी तांड्यावर पोचायच्या आत आपण तिथं हवं."

त्यानं जीपचं दार उघडून धरलं.

"बसा मिस्त्री, पुढंच बसा. यवतमाळात तुम्हाला कुठं सोडू?"