तुटक्या शिंगाचा परवाना

फीत शिंगाच्या टोकाला टेकली. कूकाबाईंनी चष्मा सारखा करून आकडा वाचला. चाळीस इंच.

एलॉयने रोखून धरलेला श्वास सोडला. खानावळीच्या भिंतीवर त्याच्या आईने, म्हणजे ह्याच कूकाबाईंनी मारलेल्या ओरिक्सचं शिंग टांगलेलं होतं. ओरिक्स म्हणजे भाल्यासारख्या लांब शिंगांचं मोठं हरीण. साडेचाळीस इंच, खाली पितळेची पाटी. टुलारोसा गावात एकोणीस वर्षं कोणी त्या पाटीला हात लावू शकला नव्हता. दर हंगामाच्या शेवटी माणसं आपापली शिंगं घेऊन येत, मोजून घेत आणि कूकाबाईंचा पोसोले, मक्या-मटणाचा रस्सा, ओरपून तोंड पाडून जात.

आज पाटी अर्ध्या इंचाने वाचली. तरी एलॉयच्या टाळक्यात जाळ होता. कारण शिंग होतं ब्रेंट हॉलिसचं.

हॉलिस टेक्सासचा. रानातून आला, पण बुटाला धूळ नाही. त्याच्या ओरिक्सचं मुंडकं टेबलावर होतं. एक शिंग तलवारीसारखं सरळ, दुसरं निम्म्यावर मोडलेलं. आता मोडलेलंच असायला हवं, कारण परवाना तुटक्या शिंगाचा होता. सरकारी रानात शिकारीचा हा परवाना सोडतीत निघतो. अट शेंबडं पोरही सांगेल: ज्याचं शिंग आधीच मोडलंय, तेच जनावर मारायचं. अख्ख्या शिंगांचं दिसलं तर डोळे भरून बघायचं आणि गप घरी यायचं.

एलॉयने मागच्या वर्षी तेच केलं होतं. शेवटच्या संध्याकाळी एक अख्खं, राजबिंडं जनावर दगड मारावा इतक्या जवळ उभं राहिलं. त्याने बंदूक खाली ठेवली. गावाने वर्षभर त्याची टिंगल केली.

आणि ह्या माणसाच्या ओरिक्सचं शिंग जिथे मोडलं होतं, तिथे ना धूळ, ना झीज. आत्ताच मोडल्यासारखं.

"ह्याने मारल्यावर मोडलंय," एलॉय म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

शिकार खात्याची अधिकारी डेनिस कोपऱ्यात जेवत होती. ती उठून आली, वाकून बघितलं, बोट फिरवलं. आदल्या दिवशी झुंजीत मोडलं असेल, असं हा म्हणणार, ती म्हणाली. पुरावा काय? तिने टोपी डोक्यावर चढवली.

"म्हातारीची पाटी वाचली ना, दोस्ता?" हॉलिस हसला. "मग रडतोस कशाला?"

एलॉय उठला. आईने हातातली फीतच त्याच्या छातीवर आडवी धरली. तो बसला.

मग कूकाबाईंनी डेनिससमोर न मागता दुसरा वाडगा भरून ठेवला, आणि हॉलिसच्या शेजारी खुर्ची ओढली. आवाज असा, जणू सख्खा भाचा.

"वाईट वाटून घेऊ नकोस रे. दोन शिंगं कधी सारखी नसतात. ते दुसरं माझ्यापेक्षा लांब असणार, मला दिसतंय ना. पण आता ते कोण मोजणार? मोजता आलं असतं, तर मी पाटी आत्ता उतरवली असती."

एलॉयला वाटलं, आई चळली. ती ह्या चोराला मलम लावत होती.

"एलॉय, स्टूल घे," ती म्हणाली. "आणि पेचकस."

"आई, तुझं डोकं फिरलंय का?"

"घे म्हटलं ना."

हॉलिसने एकदा पाटीकडे बघितलं, एकदा लोकांकडे. मग तो उठून गाडीकडे गेला आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. भिंतीवर लावताना कारागिराकडून चिकटवून घेणार होतो, म्हणाला. टॉवेल उलगडला. शिंगाचा तुकडा. त्याने तो थोटकावर टेकवला. चीरसुद्धा दिसली नाही.

कूकाबाईंनी बुडापासून फीत लावली. सावकाश वर नेली.

"एक्केचाळीस. जिंकलास, बाबा."

हॉलिसने दोन्ही हात वर केले. दोघा-तिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. स्टुलावर उभ्या एलॉयचे कान तापले होते. दात-ओठ खात त्याने पहिला स्क्रू सैल केला. एकोणीस वर्षं, आणि उतरवतोय कोण, तर पोटचा पोरगा.

कूकाबाईंनी फीत गुंडाळून खिशात टाकली.

"डेनिस, जेवण झालं असेल तर ह्याला एक विचार. शिंग आधीच मोडलं होतं, तर एवढ्या मोठ्या रानात ह्याला तुकडा सापडला कुठे?"

हॉलिसचे हात वरच राहिले.

"आणि एलॉय," ती म्हणाली, "तो स्क्रू परत आवळ."