कुत्रं कुणाचं?

जिन्यातल्या अंधारात नर्सताईंचा पाय कुत्र्याच्या शेपटीवर पडला आणि त्याने त्यांच्या पोटरीचा कडकडून चावा घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना इंजेक्शन द्यायला येणाऱ्या ताईंवर स्वतःच सुया टोचून घ्यायची वेळ आली, कामं बुडाली ती वेगळीच. वकिलाकडे नोकरी करणारा भाऊ म्हणाला, “ताई, आधी कुत्र्याचा मालक शोध. कायद्याने भरपाई त्यानेच द्यायची.”

म्हणून त्या लंगडत इमारतीच्या मीटिंगला गेल्या.

“आमचं कुठलं? आम्ही आपलं उरलंसुरलं घालतो,” तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या.

“थंडीत पोतं अंथरलं, म्हणजे काय पाळलं?” सेक्रेटरींनी हात झटकले.

“नाव मी ठेवलं खरं, पण ते हाक मारायला काहीतरी हवं म्हणून,” आजोबांनीही अंग काढून घेतलं.

इतक्यात चावल्याच्या तक्रारीवरून कुत्रे पकडणारी गाडी आली. “मालक असेल तर सोडतो, बेवारशी असेल तर नेतो,” गाडीवाला म्हणाला. त्या गाडीतून गेलेलं कुत्रं परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तरी सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले. कुत्रं मात्र प्रत्येकापुढे जाऊन शेपूट हलवत होतं.

नर्सताईंनी भिंतीला टेकून एक सुस्कारा सोडला.

“राहू द्या त्याला. माझं आहे.”

“बरं. मग चावल्याची तक्रार कुणाची?” गाडीवाल्याने विचारलं.



“तीही माझीच.”