वाघ नसलेलं वावर

"मनुष्य हा या पृथ्वीवरचा सर्वांत बुद्धिमान प्राणी आहे," असं हर्षदीप सरांनी दोन वावरांमधल्या धुऱ्यावर उभं राहून जाहीर केलं, तेव्हा त्यांचा जेवणाचा डबा घेऊन एक लालतोंडं माकड समोरच्या बाभळीवर बसलं होतं. डब्याचं घट्ट झाकण त्यानं पहिल्याच झटक्यात उघडलं. सरांना रोज त्यासाठी गुडघा लावावा लागे.

सर आदिलाबादला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. आज रविवार, म्हणून तामसीच्या बसनं विज्ञान गावी आलं होतं. धुऱ्याच्या एका अंगाला माणिकरावांचा मका, दुसऱ्या अंगाला रेणुकाबाईंचा. मागच्या खेपेला माकडांची टोळी आली आणि रेणुकाबाईंचं अर्धं वावर खाऊन गेली. उरलेलंही गेलं तर तोडणीला नुसते धांडे राहणार होते.

उपाय एकच होता, तो माणिकरावांच्या नातीच्या, रुपाच्या, काखेत होता. नागोबाच्या जत्रेतून आणलेला कापडी वाघ.

"एका वावरात वाघ ठेवायचा, दुसऱ्यात काहीच नाही," सर म्हणाले. "तरच कळेल, माकडं वाघामुळे पळाली की आपल्या मर्जीनं."

"आन काहीच नाई, ते कोनाच्या वावरात?" रेणुकाबाईंनी विचारलं.

एवढा एक प्रश्न सरांच्या पुस्तकात नव्हता. चिठ्ठ्या टाकल्या. रुपानं एक उचलली. वाघ माणिकरावांकडे गेला, काहीच नाही रेणुकाबाईंकडे आलं.

"आज्याच्या नातीनं उचलली, दुसरं काय होनार!" म्हणत त्यांनी गोफण उचलली.

"काकू, गोफण खाली ठेवा. प्रयोग बिघडेल."

"आन माहा मका बिघडला त चालते?"

"प्रयोगाला एक वावर तसंच सोडावं लागतं, काकू."

"मंग तुमच्या सासऱ्याचं सोडा ना, सर."

शेवटी गोफण खाली गेली. रेणुकाबाईंनी तिच्यावर पाय मात्र ठेवला.

रुपानं वाघाला मक्यात बसवलं, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती धुऱ्यावर येऊन बसली. वाट पाहताना सरांनी शिकवून घेतलं. मका म्हणजे स्टार्च. स्टार्च म्हणजे साखरेची लांब माळ. माकडानं कणीस गालात कोंबलं की लाळेनं ती माळ तिथंच तुटायला लागते. सगळा जीव चालतो तो साखरेवर, आणि साखर असेल तिथं जीव येतोच.

"मंग वाघाले पाहून जातीन कशाले?" माणिकराव म्हणाले.

"तीच तर उत्क्रांती! ज्या माकडांना वाघाचं भय वाटलं नाही, त्यांना वाघानं खाल्लं. त्यांना नातवंडं झाली नाहीत. भिणाऱ्यांना झाली. आज आहेत ती सगळी भिणाऱ्यांची नातवंडं."

"तरीच," रेणुकाबाई माणिकरावांकडे बघत म्हणाल्या. "तुमी टिकले ते काऊन, हे आज समजलं, भाऊजी."

तेवढ्यात टोळी आली. पुढं एक म्हातारी माकडीण. तिनं वाघ पाहिला आणि ती थबकली. मागची सगळी थबकली.

"पाहा!" सर कुजबुजले. माणिकरावांचा हात मिशीवर गेला. रेणुकाबाईंचा गोफणीकडे.

म्हातारी पुढं झाली. तिनं वाघाला वळवून पाहिलं, हुंगलं, त्याचं तोंड चाटलं. मग त्याला मांडीवर घेतलं आणि ती शांतपणे त्याच्या उवा पाहू लागली.

सगळी टोळी तिच्याभोवती गोळा झाली. पोरं शेपटीसाठी भांडू लागली. ज्यांचा नंबर लागला नाही, ती वेळ घालवायला माणिकरावांची कणसं सोलत बसली. रेणुकाबाईंच्या मक्याकडे एकानंही मान वळवली नाही.

रेणुकाबाई इतक्या हसल्या की त्यांना धुऱ्यावर बसावं लागलं. "सर! माहं काहीच नाई पास झालं!"

"एकदा झालं म्हंजे काई खरं नसते," माणिकराव घाईनं म्हणाले. "पुन्हा करा लागते. हौ ना सर? आता वाघ वहिनींले द्या, काहीच नाई मले द्या."

"काऊन देऊ? चिठ्ठीत माह्या नावानं निंगालं ते!"

"वाघ माह्या घरचा हाये!"

"मंग ठेवा ना घरीच!"

काहीच नाही यावरचा हक्क तहसीलपर्यंत जायची चिन्हं दिसू लागली. सरांचं तिकडं लक्ष नव्हतं. म्हातारी पुन्हा पुन्हा वाघाचं तोंड चाटत होती.

"रुपा, त्याच्या तोंडाला काय लागलंय?"

"गूळ," रुपा म्हणाली. "सकाळी चारला मी. त्याले एकटं राहाचं व्हतं ना."

सरांनी कपाळावर हात मारला आणि तेही हसू लागले. "अरे, वाघासोबत गूळ गेला! आता माकडं वाघाला भ्याली नाहीत, का गुळाला भुलली, कसं सांगायचं?"

"मी पहिलेच म्हनून राह्यलो व्हतो," माणिकराव म्हणाले. ते काहीच म्हणाले नव्हते.

"पुढच्या रविवारी पुन्हा," सर उभे राहिले. त्यांचा आवाज परत वर्गातला झाला. "वाघ धुऊन, वाळवून. चिठ्ठ्या नव्यानं. आणि एक दिवस हा धुरा साऱ्या जिल्ह्याला दाखवून देईल की..."

रुपानं त्यांची बाही ओढली.

"सर, पहिले त्याले घेऊन या ना. त्याले माकडाचं भेव वाटते."