समुद्र नको, शहर

"समुद्र नको, शहर हवं." सुचिताबाईंनी सुनेच्या हातातून मोबाइल घेतला आणि पुरीचं हॉटेल बोटानं बाजूला सारलं. "आपण भुवनेश्वरलाच उतरायचं. हजार-हजार वर्षांची देवळं तिथं आहेत. हे बघ, पंचतारांकित हॉटेल. खर्चाची काळजी तू करू नकोस."

काजलनं नवऱ्याकडं पाहिलं. गोकुळ कूलरपुढं पेपर वाचत बसला होता. खामगावच्या मे महिन्यात माणसं बनियनवर बसतात, पण याच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाची बटणं मनगटाशी लावलेली.

"आई म्हणते तेच बरं," तो म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.

हनिमूनचं हॉटेल सासूनं निवडायचं आणि वर स्वतःही सोबत यायचं, हे काजलला चांगलंच झोंबलं. संग्रामपूरकडच्या खेड्यात वाढलेल्या या पोरीनं समुद्र फक्त टीव्हीत पाहिलेला. पण समुद्राचं दुःख तिनं गिळलंही असतं. तिला नवरा हवा होता. लग्नाला महिना होत आला, तरी गोकुळनं तिचा हातसुद्धा धरला नव्हता. एक दिवसाआड तो कामासाठी अकोल्याला जायचा आणि परतला की भिंतीकडं तोंड करून पडायचा. घरापासून दूर गेल्यावर तरी हा माणूस आपला होईल, या एका आशेवर ती दिवस काढत होती.

तिनं आईला फोन लावला.

"काऊन रडून राह्यली वं?" शालूबाईंनी तिलाच झापलं. "लोकाइच्या सुना वावराच्या धुऱ्याबाहेर नाही जात, अन् तुले सासू इमानात बसवून नेऊन राह्यली."

"पण आई, त्याही येऊन राह्यल्या नं सोबत."

"येऊ दे. म्हाताऱ्या माणसाचा नवस असंन एखांदा. अन् इसरू नको माय, तुयी पत्रिका पाहून किती पाव्हणे चहा पेऊन निंगून गेले. यायनं पाह्यलीसुद्धा नाही. असे सुधारलेले लोकं भेटते कुठं?"

काजलनं फोन ठेवला. तिला मंगळ होता. त्या मंगळापायी तिच्या वडिलांच्या, किसनरावांच्या, चपला झिजल्या होत्या. आलेला प्रत्येक पाहुणा पोहे खायचा, पोरीला चालून दाखवायला लावायचा आणि घरी जाऊन पत्रिका जुळत नाही म्हणून कळवायचा. मग एक दिवस खामगावहून या निवृत्त मास्तरीणबाई आल्या. किसनरावांनी चाचरत पत्रिका पुढं केली, तर बाई म्हणाल्या, "ती ठेवा तुमच्याजवळ. आमचा ग्रहांवर विश्वास नाही. आजच्या काळात रक्तगट बघावा."

हुंडा नको, सोनं नको, मानपान नको. लग्नाची नोंदणी मात्र लगेच करायची, पुढं पासपोर्टला बरं पडतं, एवढीच काय ती अट. किसनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं ते बाजारात भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले. गावातल्या शाळेत तर हेडमास्तरांनी या सोयरिकीचं उदाहरण दिलं.

तेव्हा काजलनं पुरीचा नाद सोडला आणि बॅग भरली.

भुवनेश्वरचं हॉटेल पाहून मात्र तिचा राग कुठल्या कुठं पळाला. काचेची लिफ्ट, पाय रुततील असा गालिचा, पांढऱ्याशुभ्र गादीवर गुलाबाच्या पाकळ्या. सुचिताबाईंची खोली शेजारीच होती, पण दोन खोल्यांमध्ये भिंत होती हेही काही कमी नव्हतं. खिडकीतून दूरवर देवळाचं शिखर दिसत होतं. काजलनं गोकुळला ग्लासभर पाणी दिलं. त्यानं नेहमीसारखे नुसते ओठ ओले केले आणि ग्लास खाली ठेवला.

"उद्या देवळात आपण दोघंच जायचं का?" तिनं धीर करून विचारलं.

गोकुळनं तिच्याकडं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले.

"तू फार चांगली आहेस, काजल," तो म्हणाला.

तिला तेवढंही पुष्कळ झालं. आपण उगाच या माणसाला कोरडा समजलो, असं वाटून ती मनातल्या मनात खजील झाली.

सकाळी सुचिताबाईंनी दार वाजवलं. "चहा घेऊ नकोस गं. पहिलं दर्शन उपाशीपोटी करायचं."

काजल लग्नातला शालू नेसली, हिरवा चुडा भरलेलाच होता. टॅक्सी निघाली. देवळाचं शिखर जवळ आलं, त्यावरचा झेंडा दिसला, आणि मग मागं पडलं.

"देऊळ गेलं नं आई!"

"आधी दुसरीकडं जायचंय," सुचिताबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातली जपमाळ थांबली नाही.

टॅक्सी एका उंच, काचेच्या इमारतीपाशी थांबली. हॉटेलाहूनही झकपक. दारात गणपतीची संगमरवरी मूर्ती होती, तिच्यापुढं ताजी फुलं होती. हेही एखादं नव्या पद्धतीचं देऊळ असेल, असं समजून काजलनं चपला काढल्या आणि डोळे मिटून हात जोडले. नवऱ्याचं मन आपल्याकडं वळू दे, एवढंच तिनं मागितलं.

डोळे उघडले तर गोकुळ अगदी जवळ उभा होता. त्यानं तिचा हात हातात घेतला. लग्नानंतर पहिल्यांदा, तोही आईदेखत, चारचौघांत. काजलच्या अंगभर शिरशिरी गेली. देव इतक्या लवकर ऐकतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. अनवाणीच ती त्याच्यासोबत आत गेली. त्यानं तिला एका खुर्चीवर बसवलं आणि तिचा हात समोरच्या टेबलावर नीट ठेवला.

पांढऱ्या कोटातल्या मुलीनं हसून तिचा चुडा वर सारला, दंडाला रबरी पट्टा आवळला आणि सुई जोडता जोडता विचारलं, "पती को किडनी आप ही दे रही हैं ना?"