खांबाजवळची जागा

दिघे सरांनी आपली सतरंजी उचलली आणि सभागृहात शेवटच्या रांगेत, खांबाजवळ नेऊन अंथरली. ती त्यांच्या बायकोची जागा. "आजपासून वर्ग तू घे," ते मृण्मयीला म्हणाले. ती त्यांची सर्वांत जुनी विद्यार्थिनी. ती पुढे जाऊन बसली.

तीस वर्षं सर पुढे बसून योग शिकवत आले होते. भ्रामरी प्राणायामात पन्नास जणांचा गुंजारव चालू असताना नेमका कुणाचा श्वास तुटला, हे ते डोळे मिटून सांगत. आपल्या कानांचा त्यांना भारी अभिमान. या हिवाळ्यात मात्र रोज एकच श्वास अर्ध्यावर तुटायचा, खांबाजवळचा.

"कुमुद, आळस पुरे!" ते सगळ्यांदेखत म्हणायचे. "घरच्याच माणसाने कुचराई केली, तर इतरांना मी कोणत्या तोंडाने सांगू?"

ती ओशाळून हसायची आणि पुन्हा श्वास भरायची.

संक्रांतीनंतर ती गेली. "हृदय बरेच महिने थकलं होतं," डॉक्टर म्हणाले. "धाप लागत असणार त्यांना. कुणाच्या लक्षात आलं नाही?"

आता सगळ्यांनी डोळे मिटले. गुंजारव सुरू झाला. सरांनीही श्वास भरला, पण हुंदका आला आणि तो मध्येच तुटला.

मृण्मयी उठून खांबापाशी आली. शेजारी बसत हलकेच म्हणाली, "सर, श्वास तुटतोय तुमचा. बरं वाटत नाहीये का?"

सर तिच्याकडे बघत राहिले. एवढंच तर विचारायला हवं होतं.