सर्व्हरने सांगितलेला पत्ता

"सकाळपासून एकही कॉल नाही," भिंतीवरच्या पडद्यावरचं शून्य बघत अण्णा म्हणाले. "मला हे लक्षण काही बरं दिसत नाही."

"कुणी आजारी पडलं नाही, आनंद माना की अण्णा!" मदत केंद्राचे संगणक सांभाळणारी मुलगी हसली.

गावभरच्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात बटण असायचं. दाबलं की कॉल इथल्या सर्व्हरवर यायचा आणि अण्णा रुग्णवाहिका पाठवायचे. कालच तिने नवा सर्व्हर घेतला होता, क्लाउडवरचा, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेला. तो सुरू झाला की आधी क्लाउडलाच विचारायचा, माझा पत्ता काय? मिळेल तो पत्ता सगळ्या बटणांना कळवायचा. पूर्वी अण्णा तो पत्ता कागदावर उतरवून स्वतः ताडून बघायचे. तिने ती पायरीच काढून टाकली. क्लाउड कशाला खोटं सांगेल!

आता निदान अण्णांची भुणभुण थांबावी म्हणून तिने पत्ता ताडून पाहिला. बटणांना कळवलेल्या पत्त्याचा शेवटचा आकडा त्यांच्या खऱ्या पत्त्यापेक्षा वेगळा होता. पत्ता भलत्याच कुणाच्या तरी सर्व्हरचा होता.

"अगं, पण मग कॉल पोचलाच नसता, बटणावर लाल दिवा लागला असता," अण्णा म्हणाले. "लोकांनी फोन करून आपल्याला फाडून खाल्लं असतं."

तिने त्या पत्त्यावर एक खोटा कॉल पाठवला. लगेच उत्तर आलं: मिळाला. मग नुसतीच वेडीवाकडी अक्षरं पाठवली. मिळाला. तो परका सर्व्हर कशालाही हो म्हणत होता. आणि हो आलं की बटणावर हिरवा दिवा लागायचा, मदत निघाली म्हणून.

"अण्णा, काय करून बसले मी हे!"

तिने पत्ता बदलून सगळ्या बटणांना पुन्हा कळवला. बटणं दाबल्याच्या, त्यांच्यातच साठलेल्या नोंदी धडाधड उतरल्या. सात. अण्णा गाड्या सोडायला धावले. तिने सगळ्यांत जुन्या नोंदीचा नंबर फिरवला. तीन तासांपूर्वीची होती ती.

"आजोबा, बटण दाबलं होतंत ना?"

"हो गं, हिच्या छातीत कळ आली होती. पण तुमचा हिरवा दिवा लागला आणि जिवात जीव आला बघ. शेजारचा त्याच्या गाडीतून न्यायला निघाला होता, मीच नको म्हटलं."

"आजी कशा आहेत आता?"

"मघाशी फार कण्हत होती. आता शांत आहे, झोप लागलेली दिसते. उगाच घाई करू नका, पोरी. सावकाश या."